विजेची बचत: कोणाच्या घरात आणि कोणाच्या हाताने?

ऊर्जा बचतीचा विषय निघाला की आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात, हा एसीत बसणाऱ्यांचा प्रश्न आहे. आम्हाला ते मान्य नाही. मे महिन्याची दुपार पत्र्याच्या खोलीत काढणाऱ्या आजीला विचारा, वीजबिल भरून किराणा उधारीवर आणणाऱ्या आईला विचारा.

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला. व्यावसायिक इमारतींची संहिता २००७ साली आली, घरांची २०१८ साली. दोन्हींचा भर नव्या बांधकामावर. मग आज उभ्या असलेल्या चाळी, पुनर्वसनाच्या इमारती, समाजकल्याणची वसतिगृहे यांचे काय?

हिशोब साधा आहे. ७५ वॅटचा जुना पंखा रोज १२ तास चालला तर महिन्याला २७ युनिट जळतात. २८ वॅटचा बीएलडीसी पंखा तेवढ्याच वेळात १० युनिट घेतो. पत्र्यावर ऊन परतवणारा पांढरा रंग दिला तर खोलीचा ताप कमी होतो. मग लोक हे का करत नाहीत? कारण पंख्याचे पैसे एकरकमी मोजावे लागतात आणि बचत महिन्याकाठी थोडी थोडी हाती येते. रोजंदारीवर जगणाऱ्याला हे जमत नाही. त्याला अडाणी ठरवू नका. पहिला खर्च शासनाने उचलावा.

दुसरा प्रश्न प्रशिक्षणाचा. इमारतीचे ऊर्जा लेखापरीक्षण करायला अभियांत्रिकीचे शिक्षण आणि अनुभव लागतो. ते योग्यच आहे. पण प्रत्यक्ष काम वायरमन, गवंडी, रंगारी, एसी मेकॅनिक करतात आणि त्यात आपली पोरे मोठ्या संख्येने आहेत. त्यांना शिकवल्याशिवाय अहवाल कपाटातच राहणार. डोक्याचे काम एकाचे आणि हाताचे दुसऱ्याचे, ही जातीचीच जुनी वाटणी आहे. ती हरित रोजगारात पुन्हा नको.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. विजेचे धोरणही त्यांच्याकडे होते. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय औद्योगिकीकरण नाही आणि त्याशिवाय गरिबीतून सुटका नाही, ही त्यांची भूमिका होती. वाचवलेले युनिटही स्वस्त विजेसारखेच आहे.

म्हणून आमच्या मागण्या दोन. वसतिगृहांचे ऊर्जा लेखापरीक्षण करून शासकीय खर्चाने दुरुस्ती करा. आयटीआयमध्ये या कामाचे अल्पमुदतीचे, विद्यावेतनासह प्रशिक्षण सुरू करा.

मित्रांनो, येत्या १४ एप्रिलपूर्वी आपल्या जवळच्या वसतिगृहात जा. पंखे, दिवे मोजा, छत पाहा, यादी करा आणि ती निवेदनाला जोडून समाजकल्याण कार्यालयात द्या. पोच घ्यायला विसरू नका.

जय भीम!