वहीपूजन वर्षातून एकदा, हिशेब मात्र रोज

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी लक्ष्मीबरोबर वहीचीही पूजा करण्याची आपल्या व्यापारी परंपरेची रीत आहे. धनाच्या शेजारी हिशेबाला मानाचे स्थान देणाऱ्या या प्रथेमागे मोठे व्यावहारिक शहाणपण आहे. धन येते आणि जाते. परंतु ते कोठून आले व कोठे गेले हे ज्याला सांगता येते, त्याच्यावरच समाज विश्वास टाकतो. या विश्वासाला आपल्या भाषेत ‘पत’ असा समर्पक शब्द आहे. दुर्दैवाने आज अनेक लघुउद्योजकांकडे वहीला वर्षातून एकदा हळदकुंकू लागते आणि उरलेले वर्षभर धंद्याचा हिशेब मालकाच्या डोक्यात राहतो, पैसा त्याच्या खिशात.

हा प्रश्न केवळ टापटिपीचा असता, तर त्यावर लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. त्याची खरी किंमत 2020 साली दिसली. टाळेबंदीत कारखाने आणि दुकाने बंद पडली, तेव्हा केंद्र सरकारने मे महिन्यात तीन लाख कोटी रुपयांची आपत्कालीन पतहमी योजना जाहीर केली. 29 फेब्रुवारी 2020 रोजी बँका व वित्तीय संस्थांचे जेवढे कर्ज शिल्लक होते, त्याच्या 20 टक्के रक्कम उद्योजकाला नव्या तारणाशिवाय, सरकारच्या हमीवर मिळणार होती. मुख्य अट अशी, की आधीचे कर्ज बँकेचे किंवा वित्तीय संस्थेचे असावे आणि त्याचे हप्ते 60 दिवसांपेक्षा अधिक थकलेले नसावेत. ज्यांचे नाव बँकेच्या खातेवहीत होते, त्यांना संकटात हात मिळाला. जे तितकेच कष्टाळू आणि तितकेच प्रामाणिक होते, पण ज्यांचा सारा व्यवहार रोखीचा आणि सारे कर्ज खासगी होते, त्यांच्यासाठी या योजनेचे दार उघडलेच नाही. प्रामाणिकपणा असून भागत नाही, त्याची नोंदही असावी लागते, हाच त्या वर्षाचा धडा होय.

ज्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या व्यापार आहे, त्यांना पत वारशाने मिळते. घाऊक व्यापारी त्यांना आडनावावर माल देतो, अडीनडीला नातलग उभे राहतात. परंतु नोकरी सोडून भोसरीत दोन यंत्रे टाकणारा तरुण किंवा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय वाढवू पाहणारी गृहिणी यांच्या पाठीशी असे काहीच नसते. पहिल्या पिढीच्या उद्योजकाला बँकेतले स्वच्छ खाते हाच वारसा असतो, आणि तो त्याला स्वतःच निर्माण करावा लागतो.

त्यासाठीची पहिली सवय म्हणजे घर आणि धंदा यांची खाती वेगळी ठेवणे. गल्ल्यातून किराणा, गल्ल्यातूनच मुलांची फी आणि गल्ल्यातूनच कामगारांचा पगार, अशी रीत असेल तर धंद्यात नफा आहे की तोटा, हे मालकालाही कळत नाही. त्याने दरमहा ठरावीक रक्कम स्वतःचे वेतन म्हणून घ्यावी आणि घर त्यातच चालवावे.

दुसरी सवय, सगळी विक्री खात्यातून फिरविण्याची. 1990 च्या दशकारंभी रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नायक समितीने लघुउद्योगांसाठी सोपे सूत्र सांगितले होते : अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या किमान 20 टक्के खेळते भांडवल बँकेने द्यावे. ज्याची खरी उलाढाल 50 लाखांची आहे, त्याला या हिशेबाने 10 लाखांची मर्यादा मिळू शकते. पण खात्यात आणि विवरणपत्रात 20 लाखच दिसत असतील, तर बँक चार लाखांपलीकडे कशी जाणार? उरलेली निकड मग सावकाराच्या व्याजाने भागवावी लागते. कर वाचविल्याचे समाधान पुष्कळदा असे महागात पडते.

तिसरी सवय कर्जाच्या उपयोगाची. कॅश क्रेडिट हे कच्चा माल आणि उधारी यांच्यासाठी असते. त्यातून यंत्र घेतले, जागेचा विसार दिला किंवा घरचे लग्न उरकले, तर ती रक्कम अडकून पडते आणि पुढच्या महिन्यात माल घ्यायला पैसा उरत नाही. यंत्रासाठी मुदत कर्जच घ्यावे.

चौथी सवय बोलण्याची. हप्ता चुकला की उद्योजक बँकेचा फोन घेईनासा होतो, हे नेहमीचे चित्र आहे. हप्ता 90 दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते आणि मग व्यवस्थापकाच्या हाती फारसे काही राहत नाही. अडचण दिसू लागताच उद्योजकाने स्वतःहून पुनरुज्जीवनासाठी अर्ज करावा, अशी सोय रिझर्व्ह बँकेच्या 2016 च्या चौकटीत आहे. तिचा उपयोग मात्र वेळेत बोलणाऱ्यालाच होतो.

सही ही पाचवी बाब. कोऱ्या धनादेशांवर सह्या करून ते कपाटात ठेवणे आणि मित्राच्या कर्जाला भिडेपोटी जामीन राहणे, या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते आणि थकबाकीची नोंद त्याच्याही पतअहवालावर उमटू शकते. असा अहवाल प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. तो मागवून वाचावा.

शेवटची सवय बँकेला पारखण्याची. सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदाराला सुरुवातीला सहा महिन्यांत केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. ज्यांचे चालू खातेही तेथेच होते, त्यांचा धंदा एका दिवसात ठप्प झाला. फेब्रुवारी 2020 पासून ठेवविम्याची मर्यादा एका बँकेत पाच लाख रुपये करण्यात आली. एकल मालकीच्या धंद्याचे खाते आणि मालकाचे वैयक्तिक खाते यांची त्यासाठी बेरीज होते, आणि पतसंस्थांतील ठेवींना हे संरक्षण नाही, या दोन गोष्टी फार थोड्यांना ठाऊक असतात. दोन टक्के अधिक व्याजासाठी धंद्याची सारी गंगाजळी एका ठिकाणी ठेवणे हा धाडसीपणा नव्हे, निष्काळजीपणा होय.

बँकांचाही यात दोष आहे, हे मान्य केलेच पाहिजे. तारणाविना कर्ज देता यावे म्हणून 2000 साली केंद्र सरकार आणि सिडबी यांनी पतहमी निधी उभारला, तरी घराची कागदपत्रे मागणारे अधिकारी आजही भेटतात. मोठ्या कंपन्या तर लहान पुरवठादाराचे पैसे महिनोन्‌महिने अडकवितात. 2006 च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे देणे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागते. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. पण या हक्कासाठीही उद्यम नोंदणी, लेखी मागणीपत्र आणि माल पोचल्याची पावती लागते. ज्याच्याकडे कागद नाही, त्याच्यासाठी कायदाही मुका आहे.

म्हणूनच हे काम केवळ उद्योजकावर सोडून चालणार नाही. आपल्या वस्त्यांत निवृत्त बँक कर्मचारी, लेखापाल आणि वाणिज्य शाखेचे विद्यार्थी आहेत. त्यांपैकी प्रत्येकाने परिसरातील पाच दुकानदारांबरोबर महिन्यातून एक संध्याकाळ बसून वही आणि पासबुक यांचा ताळमेळ घालून दिला, तरी वर्षभरात किती संसार सावकाराच्या दारातून परत फिरतील, याचा विचार करावा. समाजाचे ऋण फेडण्याचे मार्ग अनेक आहेत. त्यांतील हा फार साधा आहे आणि त्याला निधीची नव्हे, फक्त वेळेची गरज आहे.