वंडर वूमनचे हुद्दे

वंडर वूमनचा पोशाख मर्यादशील की उत्तान, या वादावर गेल्या ऐंशी वर्षांत जेवढी शाई खर्ची पडली, तिच्या दशांशानेही शाई या असामान्य सामर्थ्याच्या नायिकेला प्रत्येक पिढीने कोणती नोकरी दिली या प्रश्नावर पडलेली नाही. वास्तविक तिच्या चरित्राचे खरे दप्तर तिथेच उघडते.

तिचा जनक विल्यम मोल्टन मार्स्टन हा हार्वर्डमध्ये शिकलेला मानसशास्त्रज्ञ. रक्तदाबाच्या चढउतारावरून असत्य ओळखण्याचे त्याचे प्रयोग पुढे लबाडी पकडणाऱ्या यंत्राच्या पायाभरणीस उपयोगी पडले. युद्धपिपासू जगाचे राज्यशकट स्त्रियांनी हाती घ्यावे अशी श्रद्धा बाळगणाऱ्या या गृहस्थाने १९४१ साली, एच. जी. पीटर या चित्रकाराच्या साहाय्याने, ॲमेझॉन राजकन्या डायना कॉमिकच्या पानांवर आणली. परंतु लगेच पुढच्या वर्षी, दुसऱ्या लेखकाच्या कथांत, अतिमानवी वीरांच्या 'जस्टिस सोसायटी'त तिची नेमणूक झाली ती चिटणीस म्हणून! जिच्या कंकणांवर आदळून बंदुकीच्या गोळ्या परत फिरत, तिने बैठकांचे टिपण ठेवावे आणि पुरुष सभासद मोहिमेवर निघाले म्हणजे बहुधा मागे राहावे, ही व्यवस्था त्या कथालेखकाला मुळीच विनोदी वाटली नसावी.

१९४७ साली मार्स्टन निवर्तला, आणि नायिका इतरांच्याच हाती राहिली. १९६८ मध्ये तर तिचे सामर्थ्यच काढून घेऊन तिला तयार कपड्यांचे दुकान थाटून देण्यात आले. लेखकांचा हेतू तिला आधुनिक, स्वावलंबी स्त्री करण्याचा होता, हे मान्य केले तरी स्वावलंबनासाठी आधी बळ गमावावे लागते हा न्याय अजब होय. स्त्रीवादी नेत्या ग्लोरिया स्टायनेम यांनी १९७२ साली आपल्या 'मिस' मासिकाच्या मुखपृष्ठावर जुन्या वेषातील वंडर वूमनला अमेरिकेच्या अध्यक्षपदाची उमेदवार म्हणून झळकवले, आणि पुढच्याच वर्षी कॉमिकने तिचे बळ तिला परत बहाल केले.

दूरचित्रवाणीवर १९७५ ते १९७९ या काळात लिंडा कार्टर यांनी तिला जे रूप दिले, त्यातही प्रारंभी ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी कचेरीत मेजर ट्रेव्हरची कारकुनीच करते. मात्र त्या मालिकेतील एक गोष्ट मला अद्याप मोह घालते: सुरुवातीच्या भागांत वंडर वूमनचे रूप धारण करताना ती संथ गिरकी घेते, केस मोकळे होतात, आणि कचेरीचा उतरलेला गणवेश तिच्या हातात तसाच उरतो. पुढे या गिरकीला लखलखाटाची जोड मिळाली आणि गणवेश कुठे जातो हा प्रश्नच मिटला. चमत्कार वाढला, अर्थ मात्र उणावला.

२०१६ च्या ऑक्टोबरात संयुक्त राष्ट्रसंघाने तिला स्त्रिया व मुली यांच्या सबलीकरणासाठी मानद राजदूत नेमले, तेव्हा संघाच्या कर्मचाऱ्यांनीच समारंभात पाठ फिरवून निषेध केला आणि डिसेंबरात ती नेमणूक संपुष्टात आली. निषेधाच्या अर्जात तिच्या देहयष्टीवर बोट होते. परंतु अनेक कर्तबगार स्त्रिया उमेदवार असूनही त्याच वर्षी महासचिवपद पुन्हा पुरुषाकडे गेले होते, आणि खुर्ची नाकारून चित्राला सनद देण्याचा तो प्रकार मला अधिक लाजिरवाणा वाटतो.

पॅटी जेन्किन्स यांच्या २०१७ च्या चित्रपटाने हे जुने देणे चुकते करण्यास आरंभ केला. पहिल्या महायुद्धातील लंडनमध्ये एटा कँडी ही चिटणीस आपली कामे सांगते, आणि डायना निरागसपणे उत्तरते की आमच्याकडे याला गुलामगिरी म्हणतात. स्वतः ती आजच्या काळात पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात प्राचीन वस्तूंची जाणकार म्हणून काम करते. तिच्या जन्मजात विद्वत्तेला साजेसा, माझ्या मते, हाच हुद्दा. तरी सुपरमॅनला मोठ्या खर्चाचा चित्रपट १९७८ मध्ये आणि बॅटमॅनला १९८९ मध्ये मिळाला असताना तिच्या एकटीच्या नावाचा तसा चित्रपट यायला २०१७ साल का उजाडावे लागले, याचा जबाब चित्रपटसंस्थांच्या मालकांकडून अजून यावयाचा आहे.