प्रेमकथा लपवून का वाचायच्या?

परवा आमच्या गावच्या वाचनालयात एका लेखिकेचं अभिवाचन होतं. खुर्च्या भरल्या होत्या, मागे भिंतीला टेकून बायका उभ्या होत्या. प्रास्ताविक करणारे काका म्हणाले, "मागच्या महिन्यात आपण गंभीर साहित्य ऐकलं. आज जरा हलकंफुलकं." बाई नुसत्या हसल्या आणि वाचायला लागल्या. पंचेचाळिशीतली एक विधवा, दुसऱ्या लग्नाचं आपल्या मुलीला कसं सांगायचं याची आरशासमोर तालीम करते आहे... पंधरा मिनिटं कुणी खोकलंसुद्धा नाही.

हलकंफुलकं म्हणे!

माझं भांडण याच शब्दाशी आहे. रहस्यकथेत खुनी सापडणार हे ठाऊक असतं, तरी तिला कुणी हसत नाही. प्रेमकथेत मात्र शेवटी दोघं एकत्र येणार म्हणून ती टाइमपास. अहो, प्रश्न 'येतील का' हा नसतोच, 'येण्यासाठी कुणाला काय सोडावं लागेल' हा असतो. तीच नायिका शेवटच्या पानावर मेली, की पुस्तक लगेच गंभीर होतं!

आपल्याकडे हे जुनंच आहे. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' १९६२ च्या दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेच्या खटल्यात सापडली. ती अश्लील नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगेपर्यंत १९६९ उजाडलं. माझी आई काकोडकर उशीखाली ठेवून वाचायची. पहिल्या पानावर हळदीचा डाग पडला, तर घाबरली होती, पुस्तक बदलताना कुणी पाहील म्हणून.

काकांना आणि तुम्हालाही अलीकडची तीन पुस्तकं सुचवते. तिन्ही इंग्रजीत आहेत. एमिली हेन्रीचं 'बीच रीड' (२०२०) : यात एक प्रेमकथा लिहिणारी आणि एक 'गंभीर' लेखक पैज लावून एकमेकांच्या प्रकारात लिहायला बसतात. आपलंच भांडण! सोनाली देव ही मुंबईशी नातं असलेली, अमेरिकेत राहणारी लेखिका. तिच्या 'अ बॉलीवूड अफेअर' (२०१४) मधल्या मिलीचं लग्न चौथ्या वर्षी झालंय, आणि न पाहिलेल्या नवऱ्यासाठी ती स्वतःला घडवत बसली आहे. 'प्राइड, प्रेज्युडिस अँड अदर फ्लेवर्स' (२०१९) मध्ये डॉक्टर तृषा राजेला एका चित्रकार मुलीचा जीव वाचवायचा आहे, पण शस्त्रक्रियेत त्या मुलीची दृष्टी जाणार. तृषा जिच्यावर उपचार करते तिच्याच भावाच्या प्रेमात पडते. आता सांगा, यात हलकं काय आणि फुलकं काय?

गोड शेवट म्हणजे पळवाट नव्हे. बाईने स्वतःसाठी काही मागावं आणि ते तिला मिळावं, हे लिहायला धीर लागतो. बहुतेक तेच आपल्याला खुपतं.

असो. त्या दिवशी मी पुस्तक विकत घेतलं आणि बसमध्ये मुखपृष्ठ वर ठेवून वाचलं. शेजारच्या ताईंनी हळूच नाव विचारलं. मी मोठ्यानं सांगितलं.