दोन उंबरठे

जून महिन्याचा मध्य आला की प्राथमिक शाळांची दारे उघडतात. मराठवाड्यात मृग नक्षत्र पुष्कळदा हुलकावणी देते, पण शाळा मात्र ठरल्या दिवशी उघडते. छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेस जालना रस्त्यालगत मुकुंदवाडी ही वस्ती आहे. तेथील कोणत्याही शाळेच्या फाटकाशी त्या सकाळी एकच देखावा दिसतो. कोणी आईच्या कडेवर बसून, कोणी वडिलांच्या मोटारसायकलवरून, तर कोणी सातवीतल्या ताईचे बोट धरून पहिलीची मुले येतात. केसांना तेल लावलेले असते, दप्तर पाठीपेक्षा मोठे असते. फाटकापर्यंत सारे ठीक चालते. आत पाऊल टाकताच मात्र एखाद्याचा ओठ थरथरतो, आणि एकाने रडे सुरू केले की ते वणव्यासारखे साऱ्या रांगेत पसरते. वडीलधारी माणसे हसतात आणि “दोन दिवसांत सवय होईल” असे म्हणून कामाला निघून जातात.

सवय होते, यात शंका नाही. मूल मोठे सोशिक असते. परंतु शाळेची सवय होणे निराळे आणि शाळा आपली वाटणे निराळे. रडू थांबले म्हणजे मूल रमले, असा समज करून घेणे सोयीचे असले तरी खरे नव्हे. पुष्कळ मुले रडणे थांबवून गप्प बसू लागतात, आणि ते गप्प बसणे वर्षानुवर्षे टिकते. त्यांना मग ‘मंद’ म्हणतात. वस्तुतः ती मुले मंद नसतात, ती उंबरठ्यावरच उभी राहिलेली असतात. घराचा उंबरठा ओलांडून ती आली, पण शाळेचा उंबरठा ओलांडून कोणी त्यांना आत घेतले नाही.

घर आणि शाळा यांतील अंतर पावलांनी मोजले तर थोडे असते. मुकुंदवाडीच्या गल्लीतून शाळेपर्यंत मूल काही मिनिटांत पोहोचते. पण तेवढ्या मिनिटांत त्याचे सारे जग पालटते. घरी भूक लागली की भाकर मागायची असते, येथे घंटेची वाट पाहायची असते. घरी लघवीला जाण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. येथे बोट वर करावे लागते, आणि बोट वर करण्याचे धैर्य होईपर्यंत कित्येकदा उशीर झालेला असतो. मग सारा वर्ग हसतो. मोठ्यांना ही क्षुल्लक गोष्ट वाटते. मुलाला मात्र दुसऱ्या दिवशी पोट दुखू लागते, आणि ते पोटदुखीचे सोंग नसते.

भाषेचे अंतर त्याहून मोठे आहे. मुकुंदवाडी एके काळी शहराबाहेरचे लहान गाव होते. पुढे एका बाजूस चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत उभी राहिली, दुसऱ्या बाजूस सिडकोच्या वसाहती वाढल्या आणि गाव शहरात सामावले. कामाच्या शोधात मराठवाड्याच्या खेड्याखेड्यांतून कुटुंबे आली. त्यामुळे अशा वस्तीतील वर्गात एक मूल घरी ‘माय’ म्हणते, दुसरे ‘अम्मी’ म्हणते, तर तांड्यावरून आलेल्या कुटुंबातले तिसरे ‘याडी’ म्हणते. पुस्तकात ‘आई’ असते. आई हा शब्द गोड आहे आणि तो साऱ्यांनीच शिकावा. पण मुलाने आपल्या तोंडचा शब्द उच्चारताच “असे म्हणू नये” असे ज्या वर्गात सांगितले जाते, तेथे मुलाला एवढेच कळते की, आपल्या घरची बोली येथे चालत नाही. आणि ज्याची बोली चालत नाही, तो पुढे बोलेल कशाला?

शाळेची एक जुनी समजूत आहे की, पहिलीत येणारे मूल कोऱ्या पाटीसारखे असते. ती समजूत किती चुकीची आहे, हे मुकुंदवाडीतच २०१९ मध्ये साऱ्यांना दिसले. पावसाने दगा दिला होता आणि नळाला पाणी नव्हते. त्या दिवसांत येथली नऊ-दहा वर्षांची मुले घागरी आणि डबे घेऊन मुकुंदवाडीच्या छोट्या रेल्वे स्थानकावर उभी राहत. गाडी आली की गर्दीतून वाट काढून चढत, शहराच्या मुख्य स्थानकावर उतरत, तेथे भांडी भरीत आणि परतीच्या गाडीने घरी पाणी आणीत. जाऊन येऊन हा प्रवास १४ किलोमीटरांचा होता. वृत्तपत्रांतून त्यांची छायाचित्रे आली आणि दूरदूरच्या लोकांनी हळहळ व्यक्त केली. हळहळ योग्यच होती, कारण पाणी आणणे हे मुलांचे काम नव्हे. पण त्या हळहळीत एक गोष्ट नजरेआड झाली. गाडी किती वाजता येते, ती किती वेळ थांबते, कोणते भांडे किती वेळात भरते, कोणते आपल्याला उचलते आणि कोणते दोघांनी मिळून धरावे लागते, हे सारे त्या मुलांना ठाऊक होते. वेळ, माप, वजन आणि सहकार्य यांचे एवढे शिक्षण कोणत्या पुस्तकातून मिळते? त्याच घरांतील धाकटी भावंडे पुढे पहिलीत येऊन बसतात. भावाच्या मागे मागे फिरून त्यांनीही पुष्कळ पाहिलेले असते. आणि शाळा त्यांना ‘लहान’ आणि ‘मोठा’ शिकवण्यासाठी हत्ती आणि उंदीर यांचे चित्र दाखवते! घागर आणि कळशी वर्गात आणून ठेवली असती, तर तेच मूल शिक्षकांना दोन गोष्टी शिकवून गेले असते.

मुलाला शाळेकडे ओढण्याऐवजी शाळेनेच मुलाकडे चालत जावे, हा विचार महाराष्ट्रात नवा नाही. ताराबाई मोडक यांनी तो प्रत्यक्ष करून दाखवला. १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या. तेथे मुलांना मारल्यावाचून आणि भीती दाखवल्यावाचून शिकवता येते, हे त्यांनी पाहिले. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पण शहरातल्या बालमंदिरांत सुखवस्तू घरांतील मुलेच अधिक येतात, याची खंत त्यांच्या मनात होती. म्हणून १९४५ मध्ये त्या बोर्डी येथे खेड्यातल्या मुलांसाठी काम करू लागल्या. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. पुढे १९५७ मध्ये हे काम जवळच्या कोसबादच्या टेकडीवर, वारली मुलांच्या पाड्यांत गेले.

कोसबाद समुद्राजवळ, झाडीत आहे. मुकुंदवाडीभोवती कारखाने आहेत आणि पाण्याची ओढ आहे. तरी दोन्ही ठिकाणचा प्रश्न एकच. घरच्या कामात गुंतलेले मूल शाळेच्या दारापर्यंत येत नाही, आले तर टिकत नाही. बालवाडीत मुले येत नाहीत असे दिसल्यावर ताराबाई आणि अनुताई रागावल्या नाहीत. त्यांनी बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली. झोपडीपुढे मुलांना आंघोळ घालावी, नखे कापावी, गाणी म्हणावी, गोष्टी सांगाव्या, असा तो वर्ग असे. अंगणात भरणारी म्हणून ती अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. परदेशी धर्तीची महागडी साधने बाजूला ठेवून बिया, शिंपले, पाने आणि खडे यांनी मुले मोजू लागली, रंग ओळखू लागली.

यातील सर्वांत शहाणपणाची योजना विकासवाडीची होती. तान्ह्यांचे पाळणाघर, मधल्या वयाची बालवाडी आणि मोठ्यांची प्राथमिक शाळा हे तिन्ही एकाच आवारात. मोठ्या बहिणीला शाळेत यायचे, तर धाकट्याला सांभाळणार कोण, हा प्रश्न त्यामुळे सुटला. ती त्याला काखेत घेऊनच येऊ लागली. आणि दुसरा लाभ आपोआप झाला. बालवाडीतले मूल रोज पलीकडची शाळा पाहत होते. तेथील मोठी मुले, तेथील शिक्षक, तेथील घंटा यांच्याशी त्याची ओळख आधीच झालेली असे. मग पहिलीत जाणे म्हणजे परक्या गावी जाणे राहिले नाही. ते अंगणातून ओसरीवर येण्याइतके सोपे झाले.

‘अंगणवाडी’ हा शब्द पुढे साऱ्या देशाने घेतला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ ठिकाणी सुरू झालेली एकात्मिक बालविकास सेवा योजना आज गावोगावी पोहोचली आहे. मुकुंदवाडीसारख्या वस्त्यांतही तीन ते सहा वर्षांची मुले अंगणवाडीत जातात, खातात, खेळतात, गाणी म्हणतात. शब्द पोहोचला, खाऊ पोहोचला. पण विकासवाडीतील ते एकच आवार पुष्कळ ठिकाणी पोहोचले नाही. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे आहे आणि प्राथमिक शाळा शिक्षण विभागाकडे. दोन विभाग म्हणजे दोन नोंदवह्या, दोन वरिष्ठ आणि दोन वेळापत्रके. अंगणवाडीतल्या ताईंना ठाऊक असते की, हा मुलगा दूध पाहून तोंड फिरवतो, ही मुलगी कानाने थोडी कमी ऐकते, तो तिसरा गाण्यावाचून बसत नाही. हे ज्ञान मुलाबरोबर पहिलीच्या वर्गात जात नाही. जातो तो केवळ जन्माचा दाखला. कमी ऐकणारी मुलगी मग मागच्या रांगेत बसते आणि लक्ष देत नाही म्हणून बोलणी खाते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही भिंत ओळखली आहे. तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा त्यात मानला आहे, म्हणजे बालवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी मिळून एक अखंड वाट. २०२५ मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून या धोरणानुसार अध्यापन सुरू झाले. कागदावर भिंत पडली हे चांगलेच झाले. वर्गातील भिंत कागदाने पडत नाही.

उलट काही ठिकाणी ती चुकीच्या बाजूने पाडली जात आहे. पहिली सोपी जावी म्हणून चार वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देऊन पानेच्या पाने गिरवून घेतली जातात. खाजगी बालवर्गांत हा प्रकार फार आहे. पालकांनाही तोच आवडतो, कारण भरलेली वही दाखवता येते आणि खेळ दाखवता येत नाही. मजुरी करणारा बाप पोटाला चिमटा काढून फी भरतो, तेव्हा त्याने वही मागावी यात त्याचा दोष नाही. आपल्याला जे मिळाले नाही ते लेकराला लवकर मिळावे, अशी त्याची तळमळ असते. परंतु चार वर्षांच्या बोटांत लेखणीचे बळ आलेले नसते. ते बळ माती मळण्याने, मणी ओवण्याने, शेंगा सोलण्याने येते. कान तयार होतात ते गोष्टीने आणि गाण्याने. ज्याने पुष्कळ ऐकले आहे आणि पुष्कळ बोलले आहे, ते मूल अक्षरे त्वरेने उचलते. शाळा खाली बालवाडीत ओढून नेण्यापेक्षा बालवाडीतील खेळ वर पहिलीत नेला, तर दोहोंचेही कल्याण होईल.

पहिलीच्या शिक्षकांची बाजूही ऐकली पाहिजे. कायद्याने तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. एका शिक्षकापुढे तीस मुले, म्हणजे तीस निरनिराळी घरे. वर्षअखेर वाचन यावे, बेरीज यावी, अशी अपेक्षा साऱ्यांची असते. त्यात कोणी रडत असतो, कोणी दप्तर उलटे करीत असतो. अशा वेळी पहिले सहा आठवडे गाणी, गोष्टी आणि शाळेची ओळख यांत घालवा, असे सांगणे सोपे आहे. वरिष्ठ अधिकारी मात्र येऊन विचारतात, “पाठ कितवा?” शिक्षकांच्या या अडचणीचा विचार न करता केलेला उपदेश वाऱ्यावर जातो. त्या सहा आठवड्यांत वाया काही जात नाही, उलट पुढचे महिने वाचतात, ही गोष्ट तपासणाऱ्यांनाही पटली पाहिजे.

महाराष्ट्रात २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे भरू लागले. शाळा सुरू होण्याआधी आई आपल्या मुलाला घेऊन शाळेत येते. मूल उड्या मारते, चित्रे रंगवते, वस्तू वेगळ्या करते, नाव सांगते. त्याला काय येते आणि काय येत नाही, हे आईला समजावून सांगतात. मग गल्लीतल्या काही आया एकत्र येऊन सुटीत मुलांकडून सोप्या कृती करून घेतात. डाळ-तांदूळ निवडताना दाणे वेगळे करणे, भाकरीचे तुकडे मोजणे, अशा घरातल्याच कामांतून ते साधते. या मेळाव्यांचा मोठा गुण मुलांच्या परीक्षेत नाही. ज्या आईने स्वतः शाळेचे तोंड पाहिले नाही, ती त्या दिवशी शाळेच्या आत येते आणि तिला बसायला सतरंजी मिळते. आईला जेथे मान मिळाला, तेथे मुलाची भीती अर्धी होते.

बाकीच्या गोष्टींना योजनाही लागत नाही. अंगणवाडीच्या ताईंनी मे महिन्यापूर्वी एक दिवस आपली मुले रांगेने शाळेत आणावी, त्यांना पाण्याची टाकी आणि स्वच्छतागृह दाखवावे, पहिलीच्या बाईंच्या मांडीवर बसवावे. जूनमध्ये बाईंनी मुलाला घरच्या नावाने हाक मारावी. आणि पहिल्या आठवड्यात सातवीतल्या ताईला धाकट्याजवळ घडीभर बसू द्यावे. हजेरीपत्रकात अशा बसण्याला जागा नाही, हे खरे. ती पहिल्या दिवशी वर्गात त्याच्याशेजारी बसेल, दुसऱ्या दिवशी दाराशी बसेल, तिसऱ्या दिवशी पायरीवर. चौथ्या दिवशी तिची घंटा झाल्यावर ती उठेल आणि वळून पाहील, तेव्हा धाकटा शेजारच्या मुलाला आपल्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी दाखवण्यात गुंतलेला असेल.