अभ्यासिका भरलेली, वाचनालय रिकामे

तालुक्याच्या गावातील कोणत्याही सार्वजनिक वाचनालयात सायंकाळी डोकावले, तर अभ्यासिकेत बसावयास जागा नसते. स्पर्धा परीक्षांच्या तयारीला लागलेली मुले-मुली पुस्तकांत मान घालून बसलेली असतात. बाहेरच्या दालनात मात्र चार-दोन निवृत्त मंडळी वर्तमानपत्रे चाळीत असतात आणि देवघेवीच्या टेबलाशी ग्रंथपाल एकटाच असतो. अभ्यासिकेचे शुल्क हा अनेक लहान वाचनालयांचा आज मोठा आधार आहे, त्यामुळे तिच्याविषयी कुरकुर करण्यात अर्थ नाही. प्रश्न आहे तो तिशी-चाळिशी ओलांडलेल्या, नोकरी-संसारात स्थिरावलेल्या स्त्री-पुरुषांचा. परीक्षा संपली की वाचनालयाशी असलेला संबंधही संपावा, असे आपण जणू ठरवूनच टाकले आहे.

वाचनसंस्कृतीची चिंता वाहणाऱ्या आपल्या समाजाचा सारा उत्साह बालवाचकांवर खर्च होतो. मुलांनी वाचावे असे वाटणारे पालक असंख्य आहेत; त्यांतील स्वतः वाचणारे किती, हे देवघेवीची नोंदवही सांगते. आईवडिलांच्या हातात भ्रमणध्वनी आणि मुलाच्या हातात गोष्टीचे पुस्तक, हा संस्कार किती दिवस टिकणार?

वस्तुतः महाराष्ट्रातील जुनी वाचनालये निघाली ती प्रौढांसाठीच. रत्नागिरीचे १८२८ चे, नाशिकचे १८४० चे, लोकहितवादींच्या पुढाकाराने उभे राहिलेले पुण्याचे १८४८ चे, ही वाचनालये म्हणजे कर्त्या माणसांनी जग समजून घेण्यासाठी उभारलेली ठिकाणे होती. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तीही याच जाणिवेतून. बडोद्यास महाराज सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथालयतज्ज्ञास पाचारण केले. शाळेतून बाहेर पडलेल्यास वाचावयास काही मिळाले नाही, तर तो शिकलेले विसरतो, हे त्या द्रष्ट्या राजाने ओळखले होते. म्हणूनच तेथे पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांवर गेली आहे. अक्षरओळख झालेल्या या माणसाने पुढे काय वाचावे, ही सयाजीरावांची विवंचना मात्र आज कोणाची आहे?

लहान वाचनालयाने प्रौढांसाठी करावयाचे ते काय, याचे उत्तर फार खर्चिक नाही. मोडी लिपीच्या वर्गाचेच उदाहरण घ्यावे. दहा-पंधरा दिवस, रोज दीड तास, एक फळा आणि एक जाणकार शिक्षक, एवढ्यावर हा वर्ग चालतो. आधी ओळभर शिरोरेषा ओढायची आणि मग हात न उचलता तिला अक्षरे लटकवीत जायचे. शब्द तोडायचे नाहीत, विरामचिन्हे नाहीत, जागोजागी संक्षेप. पहिले चार दिवस शिकणारा हैराण होतो. आठव्या दिवशी घरच्या पेटीतील पणजोबांचे खरेदीखत घेऊन येतो आणि त्यातील गावाचे नाव त्याचे त्यालाच लागते! शिवकालाविषयी व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर क्षणात पुढे ढकलणाऱ्या हातांना अस्सल कागद कसा असतो, त्यावरचा सुहूर सन कसा काढायचा, हे अशा वर्गात कळते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ बावीस खंडांत प्रसिद्ध केली. इतिहासाचा अभिमान मिरविणाऱ्या किती घरांनी त्यांतला एक तरी खंड उघडला आहे? हा केवळ हौसेचा मामला नव्हे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी शासनाने जुनी दप्तरे काढली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची वाण किती आहे, हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

दुसरी गरज अगदी निराळी. दूरध्वनीवर ‘डिजिटल अटके’ची भीती घालून निवृत्तांची आयुष्यभराची पुंजी लुटण्याचे प्रकार इतके वाढले, की ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांना ‘मन की बात’मधून देशाला सावध करावे लागले. अशी अटक कायद्यात नाही आणि फसवणूक होताच १९३० या क्रमांकावर कळवावे, या दोन गोष्टी वाचनालयाच्या दालनात शनिवारी दुपारी एखाद्या शाखाधिकाऱ्याने समजावून सांगितल्या, तर कितीतरी घरे वाचतील. मृत्युपत्राचेही तेच. त्यास दोन साक्षीदार लागतात आणि नोंदणी सक्तीची नाही, हे साधे ज्ञान नसल्याने सख्खे भाऊ न्यायालयाच्या पायऱ्या झिजवितात. गावातील वकील यासाठी मानधन मागणार नाही. त्याला कोणी बोलावलेले नसते, इतकेच.

व्याख्यानमाला तर आहेतच, असे कोणी म्हणेल. आहेत, परंतु त्यांतील अनेकांचे आता सोहळे झाले आहेत. नामांकित वक्ता, त्याचे भरघोस मानधन, त्यासाठी प्रायोजक, मग प्रायोजकांचे सत्कार, आणि या साऱ्यातून उरलेला पाऊण तास विषयाला! श्रोता टाळ्या वाजवून घरी जातो. दुसऱ्या दिवशी त्या विषयावरचे पुस्तक मागावयास वाचनालयात कितीजण येतात? त्यापेक्षा दहा-बारा जणांनी महिन्यातून एकदा एकाच पुस्तकावर बसून बोलणे अधिक फलदायी. ज्या घरांत श्रावणात पोथी लावण्याची रीत आहे, तेथे एकाने वाचावे आणि इतरांनी ऐकावे हे काही नवे नाही. गृहिणींच्या अशा वाचनमंडळात अध्यक्ष नको, हारतुरे नकोत. चहा पुरे.

अडचण पैशाची आहे, हे नाकारता येत नाही. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमात ग्रंथालय कराची तरतूद नाही. सारी भिस्त शासकीय अनुदानावर. राज्यातील मान्यताप्राप्त ग्रंथालयांची संख्या अकरा-बारा हजारांच्या घरात, आणि दहा वर्षांच्या खंडानंतर २०२२ मध्ये साठ टक्के वाढ होऊनही ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयास मिळणारी वार्षिक रक्कम काही हजारांचीच. एवढ्यात ग्रंथपालाने घर चालवावे, पुस्तके घ्यावीत, विजेचे देयक भरावे आणि वर प्रौढांसाठी उपक्रमही करावेत, ही अपेक्षा निर्दयपणाची आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रौढशिक्षण आणि आजीवन अध्ययनाला एक स्वतंत्र प्रकरण दिले, त्यात ग्रंथालयांचाही विचार केला, हे स्वागतार्ह आहे. पण धोरणाचा कागद तालुक्याच्या वाचनालयापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, हा अनुभव जुना आहे.

तोवर हे काम समाजालाच अंगावर घ्यावे लागेल, आणि त्यात कार्यकर्त्यांच्या घरांनी मागे राहून चालणार नाही. रक्तदान शिबिर, पूरग्रस्तांसाठी धावून जाणे यांत जो शिस्तबद्ध सेवाभाव दिसतो, त्याचा एक अंश वाचनालयाच्या वाट्याला का येऊ नये? आपल्यापैकी अनेकांनी दिवाळी अंकांच्या योजनेपुरते सभासदत्व घेतले आणि पौष लागताच अनामत परत नेली, असे ग्रंथपाल हसत हसत सांगतात. बहुतेक वाचनालयांची वार्षिक सर्वसाधारण सभा गणसंख्येअभावी अर्धा तास तहकूब होते आणि मग त्याच जागी त्याच सात-आठ सत्तरीच्या माणसांत उरकली जाते. पुढच्या सभेची सूचना फलकावर लागेल, तेव्हा विषयपत्रिकेत ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ हे कलम नेहमीप्रमाणे असेलच. मोडीच्या वर्गाची सूचना तेथे मांडता येते. त्यासाठी फक्त सभासदाची वर्गणी भरलेली असावी लागते.