पंपामागच्या विहिरीबद्दल

प्रति,
मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ;
मा. आयुक्त, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा;
पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना, नागपूर;
आणि तेल कंपन्यांचे राज्यातील प्रमुख अधिकारी



तालुक्याच्या गावी मी तीस वर्षं भूगर्भशास्त्र शिकवलं. निवृत्त झालो तरी लोक पाण्याच्या शंका घेऊन घरी येतात. गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या गल्लीतल्या एक काकू बाटली घेऊन आल्या. "सर, आंघोळीचं पाणी तापवलं की न्हाणीघरात रॉकेलसारखा वास कोंडतो. उन्हाळ्यात नव्हता." त्यांची विहीर महामार्गावरच्या एका पेट्रोल पंपाच्या मागे, हाकेच्या अंतरावर आहे. झाकण उघडलं तर वास मलाही आला. पाणी तपासायला दिलं. आठ दिवसांनी अहवाल हाती पडला: सामू ठीक, क्षार ठीक, नायट्रेट मर्यादेत, जंतू नाहीत. शेरा, पिण्यास योग्य.

प्रयोगशाळेचं काही चुकलं नाही. नेहमीच्या तपासणीच्या यादीत पेट्रोलमधलं बेंझीन नसतंच. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, त्याच्या २०१२ च्या आवृत्तीत खनिज तेलाला लिटरमागे ०.५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, बेंझीनला स्वतंत्र मर्यादा नाही. जागतिक आरोग्य संघटना बेंझीनसाठी लिटरमागे १० मायक्रोग्रॅम सांगते, म्हणजे आपल्या खनिज तेलाच्या मर्यादेचा पन्नासावा भाग. या द्रव्यामुळे रक्ताचा कर्करोग होतो, याबद्दल शास्त्रज्ञांत वाद उरलेला नाही.

मी वहीवर एक हिशेब मांडला. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये बेंझीन १ टक्क्यापर्यंत चालतं. लिटरभर पेट्रोलमध्ये ते जास्तीत जास्त पावणेनऊ ग्रॅम भरतं. तेवढं सगळं पाण्यात उतरलं, तर पावणेनऊ लाख लिटर पाणी आरोग्य संघटनेच्या मर्यादेला टेकतं. दहा हजार लिटरचे सत्त्याऐंशी टँकर! प्रत्यक्षात काही भाग उडून जातो, काही मातीतले जीवाणू खातात, हे मला ठाऊक आहे. पण गळतीही एका लिटरवर थांबत नाही. रोज पाच हजार लिटर विकणाऱ्या पंपाच्या टाकीतून रोज दोन लिटर झिरपलं, तर ती तूट ०.०४ टक्के. सकाळी डिपस्टिक टाकून जो साठा नोंदवला जातो, त्यात ती उन्हातल्या उडण्यात आणि मोजण्याच्या फरकात सहज विरून जाईल. वर्षाकाठी मात्र ते ७३० लिटर होतात.

आणि हे सगळं आपल्या खडकात घडतं, त्याकडे मला तुमचं लक्ष वेधायचं आहे. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसाल्टचा आहे. वर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. पाषाणाला स्वतःचं पाणी जवळजवळ नसतं. ते फटींतून, सांध्यांतून, दोन थरांमधल्या सांदींतून वाहतं. वाळूत प्रदूषण पसरतं त्याचा अंदाज बांधता येतो. फटीतून गेलेलं पेट्रोल शेजारची विहीर सोडून तिसऱ्या शेतातल्या बोअरला निघू शकतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपांसाठी शाळा, दवाखाने आणि वस्तीपासून ५० मीटर अंतराची अट घातली, ती चांगलीच आहे. पण जमिनीखालची फट कोणत्या दिशेला जाते, ते मीटरच्या टेपने कळत नाही.

काकूंना वास पावसाळ्यानंतरच का आला, याचंही उत्तर इथे आहे. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असतं, ते भूजलावर तरंगतं. उन्हाळ्यात पाणी खोल गेलं की त्याच्यामागे मुरमात उतरतं, खडकाला माखून राहतं. पाऊस पडला, पातळी चढली, की पाणी पुन्हा त्याला भिडतं. म्हणून वर्षातून एकदा, तेही मे महिन्यात तपासून उपयोग नाही.

आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ऊस पिकवणाऱ्या माझ्या गावाला त्याचं महत्त्व कुणी सांगायला नको. पण इथेनॉल गळालं की जमिनीतले जीवाणू आधी त्यावर तुटून पडतात, तिथला प्राणवायू संपवतात, आणि बेंझीन न खाल्लेलं तसंच पुढे सरकतं. इंधन बदललं, तशी तपासणीही बदलायला हवी होती.

पंपवाल्यावर आरोप करायला हे पत्र लिहीत नाही. टाकी गळते की नाही हे सांगू शकेल अशी तपासणीच तिथे कुणी केलेली नाही. परवाना देणारी नागपूरची संघटना आग आणि स्फोटाचा विचार करते. भूजल यंत्रणा पाण्याची पातळी मोजते. मंडळ कारखान्यांच्या सांडपाण्यामागे आहे. जलजीवन मिशनमध्ये गावोगाव पाच-पाच महिलांना पाणी तपासणीचा संच दिला आहे, त्यात बेंझीन दिसत नाही. तुमच्यापैकी प्रत्येकजण आपलं काम करत असेल, तरी काकूंची विहीर कुणाच्याच कामात बसत नाही.

अमेरिकेने १९८४ मध्ये जमिनीखालच्या टाक्यांसाठी कायदा केला आणि शोधायला सुरुवात केली. आजवर पाच लाखांहून अधिक गळत्या नक्की झाल्या. शोधल्या म्हणून सापडल्या. तरीही १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराला पेट्रोलमधल्या एमटीबीई या द्रव्यामुळे विहिरी बंद कराव्या लागल्या. शहराचं निम्मं पाणी गेलं. ते शुद्ध होऊन पुन्हा नळाला यायला चौदा-पंधरा वर्षं लागली. आपल्या गावांकडे इतका धीर आणि पैसा कुठून येणार?

माझं मागणं मोठं नाही. भूजल यंत्रणेची माणसं वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरी मोजतात. त्यातल्या ऑक्टोबरच्या आणि मेच्या फेरीत, जुन्या एकेरी पत्र्याच्या टाक्या असलेल्या पंपांजवळच्या विहिरी घ्या. महामार्ग रुंद झाला, बाह्यवळण आलं, आणि जे पंप बंद पडले, त्यांच्या टाक्या कुठे कुठे अजून जमिनीत आहेत. त्यांच्याजवळच्या विहिरी आधी घ्या, कारण त्या टाक्यांत आता डिपस्टिक टाकायलाही कुणी नाही. नमुना प्लास्टिकच्या बाटलीत नको. चाळीस मिलिलिटरची काचेची कुपी काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि बर्फात ठेवून गॅस क्रोमॅटोग्राफ असलेल्या प्रयोगशाळेत पोचवायची. आसपासच्या तीन विहिरींची पातळी एकाच दिवशी मोजली की पाणी साधारण कुठल्या बाजूला वाहतं ते कळतं. हे माझे बारावीचे विद्यार्थी करत असत. खर्च तेल कंपन्यांनी द्यावा, नमुने मात्र त्यांनी घेऊ नयेत. आणि अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा.

आमच्या पंपाच्या चारी बाजूंच्या अकरा विहिरी आणि बोअरची यादी मी केली आहे, पातळीच्या नोंदींसह. ती सोबत जोडली आहे. काकू सध्या पिण्याचं पाणी चौकातल्या नळावरून आणतात, पण म्हैस अजून त्याच विहिरीचं पाणी पिते. ऑक्टोबरच्या फेरीला तुमची माणसं येतील, तेव्हा त्यांच्याबरोबर काचेच्या कुप्या द्या. विहिरी दाखवायला मी येईन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक