काटकसर कोणाच्या ताटातून?

कोयनानगरचे नाव निघाले म्हणजे आमच्या शहरी वाचकांच्या डोळ्यांपुढे धरणाची भिंत उभी राहते, शिवसागराचे पाणी दिसते, पोफळीचे भूमिगत वीजगृह आठवते. वयस्कर वाचकांस ११ डिसेंबर १९६७ ची ती भूकंपाची पहाटही आठवते. या खोऱ्यातील घरांत चुलीवर काय शिजते, हा प्रश्न मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. ज्या नदीने महाराष्ट्राच्या कारखान्यांना व घरांना वीज दिली, तिच्या काठच्या माणसांनी अल्प खर्चात कुटुंबे कशी पोसली, हे आता शहरातील पगारदार गृहस्थानेही विचारावयास हवे. महिन्याच्या वीस तारखेला डाळीच्या डब्याचा तळ दिसू लागणे ही केवळ डोंगरातली गोष्ट राहिलेली नाही.

महागाई वाढली की गृहिणीला काटकसरीचे पाठ देणाऱ्यांची संख्याही वाढते. उपदेश करणारा बहुधा पुरुष असतो आणि भाजीचा भाव त्याला ठाऊक नसतो, हे येथे नमूद केलेले बरे. मध्यमवर्गीय घराचा जमाखर्च मांडून पाहा. घरभाडे वा घराचा हप्ता ठरलेला, मुलांची फी ठरलेली, विजेचे बिल ठरलेले, औषधांचा खर्चही बऱ्याच घरांत ठरलेलाच. हात आखडता घ्यावयाचा तो एका किराण्याच्या यादीवर. त्या यादीतही तांदूळ व गहू कमी करता येत नाहीत, कारण पोट भरावयास हवे. मग प्रथम डाळ कमी होते, आमटीत पाणी वाढते. पुढे दूध अर्ध्या लिटरावर येते, आणि भाजी दोन वेळांची एक वेळ होते. पातळ झालेल्या आमटीतील वरचे पाणी कोणाच्या वाट्याला येते? जी सर्वांना वाढून शेवटी पानावर बसते तिच्या. मुलांना पुरले, कर्त्या माणसाचा डबा भरला, सासूबाईंचे पथ्य सांभाळले, की उरेल त्यावर तिचे जेवण होते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. या आकड्याला अनेक कारणे आहेत. परंतु शेवटच्या पानाचा त्याच्याशी काही संबंध नाही, असे आम्हांस वाटत नाही.

आता कोयनेच्या खोऱ्याकडे वळू. येथे पाऊस असा कोसळतो की पूर्वी कित्येक दिवस घराबाहेर पडणे दुरापास्त होत असे. म्हणून पावसाळ्याची बेगमी हा येथल्या संसाराचा पाया होता. मडक्यांत कडधान्य, कणग्यांत भात व नाचणी, उन्हाळ्यात वाळविलेले सांडगे व पापड, आणि कुंभार्ली घाट चढून आलेली कोकणातली सुकी मासळी, एवढ्यावर घर तरून जाई. डोंगरउतारावर नाचणी आणि वरी पिके, खाचरात भात पिके. पहिला पाऊस पडला की पडीक रानात टाकळा उगवे, पुढे कुर्डू येई; या भाज्यांना दाम पडत नसे, खुडणाऱ्या हातांचे श्रम तेवढे पडत. दारिद्र्याचे आम्ही गोडवे गात नाही. त्या जेवणाला कष्ट फार होते आणि दुष्काळी वर्षी तेही मिळत नसे. तथापि, त्यात एक शहाणपण होते आणि ते आपण हातचे घालविले आहे.

हुलग्याचेच पाहा. घाटावर याला हुलगा म्हणतात, घाट उतरला की त्याचे कुळीथ होते. हलक्या जमिनीत ते येते. कोकणात तर भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवरही येते. प्रथिनांच्या बाबतीत ते तुरीच्या डाळीला हार जाणारे नाही. दोहोंत शंभर ग्रॅमला बावीस ग्रॅमांच्या आसपास प्रथिने असतात. आणि गृहिणीच्या हाती ते पडले की एका कडधान्याची तीन जेवणे होतात. रात्री भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले की उसळ. ते शिजविताना निघालेले पाणी टाकून न देता त्याला लसणाची फोडणी व आमसूल घातले की कढण. त्यावर भात निघून जातो, वेगळी आमटी करावी लागत नाही. उरलेले कोरडे हुलगे भाजून दळले की त्या पिठाचे पिठले होते किंवा माडगे. तीन चमचे पिठात चार माणसांचे पिठले होते, हे ज्यांनी केले आहे त्यांना सांगावयास नको. भिजविल्याने शिजण्याचा वेळ कमी होतो, म्हणजे सरपण वाचते. शहरात तोच हिशेब गॅसच्या टाकीला लागू आहे. एवढी काटकसर साधूनही कोणाच्या पानातले काही कमी होत नाही.

नाचणीचेही तसेच. तांदळाच्या मानाने तिच्यात कॅल्शियम कितीतरी पट अधिक, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमांच्या घरात. दूध परवडेनासे झाले की हा आकडा लहान राहत नाही. पीठ उकळत्या पाण्यात उकडून घेतले की भाकरी मोडत नाही. तेच पीठ रात्री ताकात कालवून ठेवले की सकाळी आंबील. धान्यात जे प्रथिनद्रव्य उणे असते ते कडधान्यात असते, आणि कडधान्यातले उणे धान्य भरून काढते, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले त्याच्या कितीतरी आधी नाचणीची भाकरी आणि हुलग्याची उसळ एका ताटात आली होती. त्यावर लिंबाची फोड पिळली तर उसळीतील लोह अंगी लागण्यास मदत होते. जेवणावर लगेच घेतलेला चहा नेमके उलटे करतो. ही माहिती आमच्या अनेक सुशिक्षित घरांत अद्याप पोचलेली नाही, चहा मात्र सर्वत्र पोचला आहे.

मग हे अन्न मागे का पडले? नाचणी खाणारा तो गरीब आणि पांढरा भात खाणारा तो सुखवस्तू, अशी समजूत आपणच रूढ केली. पाहुणे आले की काळपट भाकरी झाकून ठेवण्याची लाज खेड्यातल्या बाईला शहराने शिकविली. आता चक्र उलटे फिरले आहे. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, आणि शहरांतील दुकानांत तीच नाचणी बिस्किटे व सत्त्व होऊन चकचकीत वेष्टनात आली. गरिबाचे धान्य श्रीमंताचे पथ्य झाले. याने डोंगरातल्या शेतकऱ्याला चार पैसे अधिक मिळत असतील तर आम्हांस आनंदच आहे. पण वेष्टनाचे पैसे त्याला मिळत नाहीत, हे उघड आहे. गृहिणीने सत्त्वाच्या नादी न लागता सुटी नाचणी घेऊन दळून आणावी. मोजून रांधावे, हेही सांगावयास हवे. सांगली भागातल्या कमलाबाई ओगले यांनी १९७० साली ‘रुचिरा’त वाटी-चमच्याचे माप देऊन नव्या सुनांवर जे उपकार केले, ते केवळ चवीपुरते नव्हते, मापाने रांधले की शिळे उरत नाही.

तथापि, सर्व भार गृहिणीच्या हुशारीवर टाकून शासनाने मोकळे व्हावे, हे आम्हांस मान्य नाही. स्वस्त जेवणाची शासनाची कल्पना बहुधा रस्त्यावरची राहिली आहे. १९९५ नंतर एक रुपयात झुणका-भाकर आली, २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली. कामासाठी घराबाहेर पडलेल्या माणसाला अशा थाळीचा आधार होतो, याबद्दल वाद नाही. परंतु घरातली चूल निराळी आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबातील माणशी दरमहा पाच किलो धान्य ठरविले, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत मिळते. हे मोठे काम आहे. पण ते मुख्यत्वे गहू व तांदूळ यांचे आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दोन हजार कॅलरींच्या ताटात डाळी-कडधान्ये पंच्याऐंशी ग्रॅम धरली आहेत. पाच माणसांचे महिन्याचे गणित शाळकरी मुलगाही करील: पावणेतेरा किलो. मुलांचे थोडे कमी धरले तरी दहा किलोंच्या आसपास जाते. एवढे कडधान्य विकत घेणारे सामान्य घर आमच्या पाहण्यात नाही. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांच्या ‘आनंदाच्या शिध्या’त रवा, साखर व पामतेलाबरोबर एक किलो चणाडाळ आली तेव्हा तिचे स्वागत झाले, पण डाळ ही सणाची वस्तू नव्हे. तामिळनाडूत २००७ पासून रेशनवर तूरडाळ सवलतीत मिळते. कर्नाटकाच्या दक्षिण भागात नाचणी मिळते. महाराष्ट्राला हे जमू नये असे काय आहे? १९७२ साली मुंबईच्या बायका मृणाल गोरे व अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हा त्यांचे भांडण स्वयंपाकघरातल्या नित्याच्या वस्तूंसाठीच होते.

घरातही एक बदल पैशाशिवाय होऊ शकतो. सर्वांची पाने एकदम घ्यावीत, आणि आमटी ढवळून प्रत्येकाला सारखी वाढावी. पातळ असेल तर ती सर्वांनाच पातळ लागेल, आणि मग उद्याच्या यादीत डाळ वाढविण्याची सूचना कर्त्या पुरुषाकडूनच येईल, असा आमचा अंदाज आहे.

शासनाने आरंभ पाटण तालुक्यापासूनच करावा. धरणाने या तालुक्यातील गावे पाण्याखाली घेतली, माणसे दूरच्या जिल्ह्यांत नेऊन वसविली; जी मागे राहिली त्यांच्या उतारावर नाचणी अजून पिकते. ती सुगीलाच खरेदी करून त्याच तालुक्याच्या रेशन दुकानांत ठेवावी. वाहतुकीचा खर्चही वाचेल. नाचणीला केंद्र सरकार दरवर्षी आधारभूत किंमत जाहीर करते. हुलग्याला ती नाही. तूर, हरभरा, मूग, उडीद, मसूर यांच्या यादीत या गरीब कडधान्याला अजून जागा मिळालेली नाही. तोपर्यंत राज्याने आपल्या तिजोरीतून एक भाव ठरवावा, येत्या हंगामात पेरणीपूर्वी तो जाहीर करावा, आणि माणशी निदान एक किलो हुलगा शिधापत्रिकेवर द्यावा.